बंद इंजिन, बंद शेगडी, तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: एका शिडाच्या नौकेवरचं प्रकरण

इंजिन संध्याकाळीच बंद केलेलं. शेगडी जेवणं आटोपल्यावर बंद, सिलिंडरचा कॉकही फिरवून ठेवलेला. हीटर या नौकेवर नाहीच. तरी मध्यरात्र उलटल्यावर मागच्या केबिनमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजायला लागला. हा वायू काहीतरी जळल्याशिवाय तयार होत नाही, आणि नौकेवर तर काहीच जळत नव्हतं. मालकाने जो निष्कर्ष काढला तो बहुतेकांनी काढला असता: अलार्म बिघडलाय.

अलार्म ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नौकेच्या विजेची तपासणी माझ्याकडे आली. त्या तपासणीत जे दिसलं ते, आणि मालक, त्याची बायको व मेहुणा या तिघांनी सांगितलेला रात्रीचा क्रम, हे जुळवून प्रकरण मांडतो आहे.

मांडणी

नौका अकरा मीटरची, एका डोलकाठीची. केबिनमधले दिवे, फ्रिज आणि पंप यांच्यासाठी १२ व्होल्टच्या, ११० अँपिअर-तासांच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या, म्हणजे एकूण २२०. इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी, तिचा इथे संबंध नाही. दोन्ही बॅटऱ्या पाणी टाकायच्या जुन्या प्रकारातल्या, बुचांना बारीक भोकं असलेल्या. त्यांची पेटी मागच्या केबिनमधल्या बर्थखाली. पेटीवर फळी, फळीवर गादी, गादीवर झोपणारा माणूस. शिडाच्या नौकांमध्ये ही जागा नेहमीचीच आहे, कारण वजन खाली राहतं आणि इंजिनपासून केबल आखूड लागते. झोपणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही, पण नौकेत कुठलीच जागा माणसाला विचारून ठरत नाही.

पेटीच्या वरच्या कोपऱ्यातून २५ मिलिमीटरचा एक पाइप निघून मागे बाहेर जात होता. बाहेरची हवा आत यायला खाली वेगळं भोक ठेवलेलं नव्हतं. धक्क्यावरच्या विजेवर चालणारा चार्जर ४० अँपिअरचा, तीन टप्प्यांचा: आधी पूर्ण करंटने भरायचं, मग १४.४ व्होल्टवर धरून ठेवायचं, आणि करंट उतरला की १३.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखायच्या कमी व्होल्टेजवर, यायचं. चार्जरचा तापमान सेन्सर एका बॅटरीच्या टर्मिनलला अडकवलेला होता. कुठल्या, ते पुढे येईल.

अलार्म दोन. बर्थच्या उशाकडच्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा, आकडा दाखवणारा. ओट्याखाली, बिल्जच्या (नौकेच्या तळाशी पाणी साचतं त्या पोकळीच्या) जवळ, एलपीजीचा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो आणि गळला की तळाशी जाऊन साचतो, म्हणून त्याचा सेन्सर खाली. ती जागा बरोबरच होती.

त्या रात्री

पाऊस होता, सगळे हॅच, म्हणजे छतातली झाकणं, बंद होते. मेहुणा मागच्या केबिनमध्ये, नवरा-बायको पुढच्या. झोपण्यापूर्वी बायको म्हणाली, "अहो, मागून सडक्या अंड्यासारखा वास येतोय." मालकाने संडासाच्या टाकीवर खापर फोडलं, टाकीत औषध ओतलं आणि विषय संपवला. नौकेवर असा वास आला की आधी टाकीच आठवते. बहुतेक वेळा दोष तिचाच असतो, म्हणून तर हा धागा इतका सहज सुटतो.

अलार्म वाजला तेव्हा स्क्रीनवर ११८ पीपीएम होते, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ११८ भाग वायू. मालकाने इंजिन पाहिलं, शेगडी पाहिली, बाहेर डोकं काढून शेजारच्या कुणाचा जनरेटर चालू आहे का तेही पाहिलं. हा शेवटचा विचार चांगला होता, कारण शेजारच्या नौकेचा धूर हवेबरोबर आपल्या केबिनमध्ये येऊ शकतो. कुठेच काही सापडलं नाही. त्याने बटण दाबून आवाज बंद केला आणि हॅच थोडा वेळ उघडा ठेवला. आकडा भराभर उतरला. "सेल संपत आले असतील," म्हणून हॅच लावून सगळे पुन्हा झोपले.

सेल संपत आले की बहुतेक अलार्म अधूनमधून एकदाच टुक करतात. वायूचा इशारा वेगळा असतो: अनेक उपकरणांत चार ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा चार ठोके. शिवाय स्क्रीनवर तीन आकडी संख्या उभी असताना सेलवर संशय घेण्यात काही अर्थ नाही. पण झोपेतून उठलेल्या माणसाला आवाज बंद करायचा असतो, त्याला आवाजाची लय मोजायची नसते. उपकरण बनवणाऱ्यांनी आवाज बंद करायचं बटण सर्वांत मोठं का ठेवावं, हे मला कधी कळलेलं नाही.

तासाभराने अलार्म पुन्हा वाजला. या वेळी मेहुण्याच्या लक्षात आलं की गादी खालून गरम लागतेय. गादी सारून फळीला हात लावला तर चांगलाच चटका. फळी जराशी उचलली तसा अंड्याचा भपकारा आला, आणि आतून बुडबुडे फुटल्याचा अखंड आवाज.

मालक पाना घेऊन आला. टर्मिनल सोडवायचं आणि बॅटरी मोकळी करायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मेहुण्याने त्याचं मनगट धरलं. "भावोजी, पाना नको, ठिणगी उडेल. आधी सगळे वर चला, धक्क्यावरची वायर काढू."

त्या रात्रीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. चार्जिंग चालू असताना टर्मिनल सोडवलं की वाहता करंट तुटतो आणि ठिणगी पडतेच. हायड्रोजन आणि हवेचं मिश्रण पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. दाराच्या कडीला हात लावताना बोटाला जी स्थिर विजेची टोचणी जाणवते, तीही याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. तिघे कॉकपिटमध्ये, म्हणजे वरच्या उघड्या बैठकीत, आले. येताना हॅच उघडत आले, पण दिव्याचा स्विच दाबला नाही, पंखा लावला नाही. धक्क्यावरच्या खांबावरचा ब्रेकर पाडून वायर उपसली आणि उरलेली रात्र धक्क्यावर काढली.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, कुणालाच काही नव्हतं. मागाहून पाहता हा एक धागा होता: १०० च्या वर खऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये काही तास झोपलेल्याचं डोकं तरी बहुधा दुखलं असतं. पण त्या क्षणी असा उलटा तर्क लढवू नये. तब्येत बरी आहे म्हणून वायू नाही, हे खरं नसतं. नौकेवर तर आणखी पंचाईत, कारण या वायूची सुरुवातीची लक्षणं आणि बोट लागल्याची लक्षणं सारखीच दिसतात.

सकाळची तपासणी

चार्जर बंद होऊन चार-पाच तास झाले होते, तरी एक बॅटरी अजून गरम होती. तिला 'ब' म्हणू, दुसरीला 'अ'. इन्फ्रारेड थर्मामीटरवर अ २६ अंश, ब ४१. ब ची लांब बाजू फुगून पेटीच्या फळीला टेकली होती. झाकणाच्या फळीच्या खालच्या अंगाला बारीक थेंब जमले होते. निळा लिटमस टेकवताच लाल झाला. बुडबुड्यांबरोबर उडालेले ॲसिडचे तुषार होते ते.

चार्जर बंद असताना ब गरम कशी राहिली? समांतर जोडलेली अ तिला रात्रभर करंट पाजत होती म्हणून. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मेन आयसोलेटर, म्हणजे बॅटरीचा मुख्य स्विच, बॅटऱ्यांच्या संचाला नौकेपासून तोडतो, एका बॅटरीला दुसरीपासून तोडत नाही. त्यामुळे वायर उपसल्यावरही वायू निघायचा पूर्ण थांबत नाही. हॅच उघडे ठेवून बाहेर बसून राहणं, तेही काही तास, हा उपचाराचाच भाग आहे. "आता चार्जर काढलाय" म्हणून कुणी पुन्हा आत जाऊन झोपलं असतं तर मला ते आवडलं नसतं.

पेटी उघडी होती. हातातला हायड्रोजन मीटर पेटीच्या चारही कोपऱ्यांत फिरवून आकडा शून्याजवळ दिसल्यावरच इन्सुलेशन चढवलेल्या पान्याने दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या. तासाभराने व्होल्टेज घेतलं. अ १२.१, म्हणजे बरीच उतरलेली. ब १०.६. हा आकडा बोलका आहे. लेड-ॲसिडच्या पूर्ण भरलेल्या सेलचे साधारण २.१ व्होल्ट, सहा सेलचे १२.७ च्या आसपास. त्यातला एक सेल वजा केला की बरोबर १०.६ उरतात.

बुचं उघडल्यावर चित्र पूर्ण झालं. पाच सेलमधलं पाणी इतकं आटलं होतं की प्लेटांची टोकं उघडी पडलेली. तिसऱ्या सेलमध्ये मात्र पाणी काठोकाठ, आणि हायड्रोमीटरचा (ॲसिडची घनता मोजायच्या नळीचा) तरंगता भाग तळाला बसला: घनता १.१ च्याही खाली, म्हणजे सेल पूर्ण उतरलेला. जो सेल मेला त्याचं पाणी शाबूत, जे जिवंत त्यांचं आटलेलं. विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. आतून शॉर्ट झालेल्या सेलवर व्होल्टेज पडतच नाही, त्यामुळे त्यात वायू तयार होत नाही. त्याच्या वाट्याचं व्होल्टेज उरलेल्या पाचांच्या डोक्यावर बसतं. चार्जरचे १४.४ सहांत वाटले की प्रत्येकी २.४०, म्हणजे वायू सुटायला लागतो त्या उंबरठ्यावर. पाचांत वाटले की २.८८. इतक्या व्होल्टेजला भरलेल्या सेलमध्ये पाण्याचं विघटन सोडून दुसरं काही होत नाही. करंटचं काम फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजन बनवणं, आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता. सेल तापला की करंट वाढतो, करंट वाढला की सेल आणखी तापतो.

चार्जर यात आंधळा होता. करंट उतरला की फ्लोटवर जायचं, एवढंच त्याला ठाऊक. करंट उतरतच नव्हता, म्हणून तो १४.४ वर बसून राहिला. फ्लोटवर गेला असता तरी १३.६ भागिले पाच म्हणजे २.७२, सुटका नव्हतीच. १४.४ वर किती तास राहायचं याची कमाल मर्यादा घालायची सोय त्याच्या सेटिंगमध्ये होती, ती कुणी वापरली नव्हती. राहिला तापमान सेन्सर. बॅटरी तापली की चार्जरने व्होल्टेज खाली आणावं, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट, यासाठी तो असतो. तो अ वर बसवला होता. रात्रभर त्याने गार बॅटरीचं तापमान इमानेइतबारे कळवलं.

मग पाइप. मागचं आवरण काढल्यावर दिसलं की पाइप पेटीतून निघून सरळ वर जायच्या ऐवजी आधी खाली झोल खाऊन मग वर चढला होता. झोलात पाणी. एका टोकाने फुंकर मारली तर गुडगुडलं आणि पलीकडे काही पोचलं नाही. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. त्याला वरचा मोकळा रस्ता हवा असतो, आणि इथे रस्त्यात पाण्याचं बूच बसलं होतं. पेटीतल्या वायूला एकच वाट उरली: फळीच्या फटींतून, गादीच्या कडेने, केबिनमध्ये.

निघता निघता मालक म्हणाला, गेले काही महिने ब जास्त पाणी पीत होती. ती इंजिनच्या बाजूला आहे म्हणून तापत असेल, असं त्याला वाटलं होतं. एकाच संचात, एकाच चार्जरवर, एकीला दुसरीपेक्षा जास्त पाणी लागायला लागलं की हायड्रोमीटर काढून प्रत्येक सेल तपासायचा. या सगळ्या प्रकरणाला तिथेच लगाम बसला असता.

वायू किती होता

ब मधून नेमका किती करंट गेला याची नोंद नाही. ४० अँपिअरच्या चार्जरवर १५ धरला तर फार होत नाही. एक अँपिअर-तास विघटनात गेला की एका सेलमधून २५ अंशांना साधारण ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. पंधरा अँपिअर, पाच सेल: तासाला जवळजवळ ३४ लिटर. पेटीतली मोकळी जागा मोजली, ती ८० लिटरच्या आसपास भरली. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो, म्हणजे इथे ३.२ लिटर पुरेत. पेटी पूर्ण हवाबंद असती तर ही पातळी सहा मिनिटांच्या आत आली असती. फटी होत्या, त्यामुळे गणित इतकं सरळ चालणार नाही. तरी फळीखाली स्फोटक मिश्रण होतं असं धरूनच वागणं शहाणपणाचं. प्रमाण वाढून वायू आपोआप पेटेनासा होईल ही आशाही करू नये, कारण वरची मर्यादा ७५ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात बॅटरी सोबत ऑक्सिजनही पुरवत असते. आणि ब मध्ये प्लेटा उघड्या पडल्या होत्या. उघड्या प्लेटांमुळे ठिणगी बॅटरीच्या पोटातच पडू शकते, त्याला पान्याचीही गरज नसते.

आता फळीच्या वरची बाजू. अलार्मच्या मेमरीत कमाल आकडा १६४ सापडला. कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरला हायड्रोजन पूर्ण ताकदीने दिसत नाही. सेन्सरच्या बनावटीनुसार ढोबळमानाने वीस ते साठ टक्के दिसतो. उलटा हिशेब केला तर बर्थवर हायड्रोजन २७० ते ८२० पीपीएम, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आत. श्वासाला त्यात विष नाही, आणि केबिनची हवा पेटण्यापासून खूप लांब. पण मेहुणा जिथे झोपला होता तिथलाच तो आकडा. त्याच्या पाठीखाली, एका फळीच्या पलीकडे, हवा अगदी वेगळी होती.

अलार्म खोटा होता का

मालकाचा पहिला प्रश्न हाच होता, आणि त्याला राग आला होता तो अलार्मचाच. "हा कार्बन मोनॉक्साइड सांगतो आणि निघतो हायड्रोजन, मग विश्वास कसा ठेवायचा?"

या सेन्सरच्या पोटात प्लॅटिनमसारख्या धातूचा इलेक्ट्रोड आणि थोडं ॲसिड असतं. कार्बन मोनॉक्साइड इलेक्ट्रोडवर येऊन ऑक्सिडाइज होतो, त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा बारीकसा करंट वाहतो, आणि तो करंट मोजून आकडा दाखवला जातो. हायड्रोजनही त्याच इलेक्ट्रोडवर तसाच ऑक्सिडाइज होतो. करंटवर वायूचं नाव लिहिलेलं नसतं. दारूची वाफ आणि बरेच दुसरे वायू अडवायला सेन्सरच्या तोंडाशी कोळशाची गाळणी असते, पण हायड्रोजनचा रेणू तिला जुमानत नाही. म्हणजे उपकरणाने वायू ओळखण्यात गल्लत केली. केबिनच्या हवेत नको ते काहीतरी साचतंय, ही त्याची बातमी मात्र खरी होती.

म्हणून बोलताना मी 'खोटा अलार्म' हा शब्द टाळतो. तो एकदा तोंडात बसला की पुढच्या वेळी हात आपसूक बटणाकडे जातो. आणि पुढच्या वेळी तो खराखुरा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. नौकेवर असताना तर तो तोच आहे असं धरून बाहेर पडायचं, नाव नंतर शोधायचं.

पहिल्यांदा हॅच लावल्यावर अलार्मने तासभर का घेतला, हाही प्रश्न आला. हे अलार्म आकडा ओलांडला की लगेच ओरडत नाहीत, प्रमाण आणि वेळ दोन्ही बघतात. नौका आणि कॅराव्हॅनसाठीच्या ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाप्रमाणे ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटं, १०० ला १० ते ४० मिनिटं, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. हॅच उघडून हवा साफ केली की घड्याळ जवळजवळ पहिल्यापासून चालू होतं. मालकाला वाटलं बिघाड दुरुस्त झाला. प्रत्यक्षात बॅटरी केबिन पुन्हा भरत होती.

एलपीजीचा अलार्म गप्प राहिला यात त्याचा दोष नाही. तो तळाशी, वायू छताशी.

अंड्याच्या वासाचंही इथेच सांगून टाकतो. हायड्रोजनला वास नसतो. अति चार्ज होऊन तापलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतून थोडा हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो, वास त्याचा. नाकाला तो पीपीएमच्या शंभराव्या भागाच्या आसपासही कळतो, पण १०० पीपीएमच्या सुमारास नाकच बधिर होतं. तेव्हा वास गेला म्हणजे वायू गेला असं धरता येत नाही. तो स्वतःही चांगलाच विषारी आहे.

एका वायूची भीती दुसऱ्याकडे डोळेझाक करायला लावते, याचं एक जुनं उदाहरण पाणबुड्यांचं आहे. लेड-ॲसिड बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं की क्लोरीन निघतो, त्यामुळे एडिसनच्या निकेल-लोखंडी बॅटरीकडे सुरक्षित पर्याय म्हणून पाहिलं गेलं. ती अमेरिकी पाणबुडी ई-२ वर बसवली. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या नौदल गोदीत त्याच पाणबुडीवर हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसं मेली. क्लोरीनचा बंदोबस्त झाला होता, हायड्रोजनचा राहिला. शिडाच्या नौकेलाही क्लोरीनचा धोका आहेच, बॅटऱ्या बिल्जच्या पातळीला असल्या तर. या नौकेवर त्या पुरेशा उंच होत्या.

हवा किती लागते

स्थिर बॅटऱ्यांसाठीच्या आयईसी ६२४८५-२ मानकातलं सूत्र साधं आहे. ते जमिनीवरच्या बॅटरी खोल्यांसाठी लिहिलेलं आहे, पण हायड्रोजनला जमीन-पाणी कळत नाही. ०.०५ गुणिले सेलची संख्या गुणिले वायू बनवणारा करंट अँपिअरमध्ये: उत्तर ताशी घनमीटर हवा. त्या ०.०५ मध्ये ४ टक्क्यांच्या खाली राहण्यासाठीची विरळता आणि वर पाचपट सुरक्षितता धरलेली आहे. पाणी टाकायच्या बॅटरीला जोरात चार्ज करताना दर अँपिअर-तास क्षमतेमागे २० मिलिअँपिअर धरतात. २२० चे झाले ४.४ अँपिअर. सहा सेल. उत्तर १.३२ घनमीटर. नैसर्गिक वाऱ्यावर भागवायचं तर भोकाचं क्षेत्रफळ याच्या २८ पट चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३७, आणि तेवढंच एक खाली हवा आत घ्यायला, एक वर सोडायला. या नौकेवरच्या २५ मिलिमीटरच्या पाइपचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. झोल नसता तरी तो अपुराच होता.

यातली मेख अशी की हे सगळं धडधाकट बॅटरीचं गणित आहे. शॉर्ट सेलच्या रात्रीचा १५ अँपिअर आणि पाच सेलचा हिशेब याच सूत्रात घातला तर ३.७५ घनमीटर येतात, जवळजवळ तिप्पट. नियमात बसणारा पाइप चांगल्या दिवसांसाठी असतो. वाईट रात्रीसाठी चार्जिंग तोडणारं काहीतरी हवंच.

काय बदललं

दोन्ही बॅटऱ्या काढल्या. अ अजून चालण्याजोगी होती, पण जुनी आणि नवी समांतर जोडायची नाही. मालकाला लिथियम हवी होती. लिथियम आयर्न फॉस्फेट नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू सोडत नाही हे खरं, पण बिघडली तर तीही ज्वालाग्राही वायू ओकते, आणि चार्जर, अल्टरनेटर, फ्यूज सगळंच नव्याने विचारात घ्यावं लागतं. एजीएमचाही, म्हणजे काचतंतूंच्या थरात ॲसिड शोषून ठेवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचाही, विचार झाला. ती आतल्या आत हायड्रोजन-ऑक्सिजनचं पुन्हा पाणी करते, म्हणून 'सीलबंद' म्हणवते. पण सेल शॉर्ट झाला की तिचाही व्हॉल्व्ह उघडतो. शेवटी पुन्हा पाणी टाकायच्याच घेतल्या. माझं मतही तेच होतं: ज्या बॅटरीत हायड्रोमीटर घालता येतो तिचा आजार वेळेत सापडतो.

पेटीला खालून हवेची वाट केली, वरून ७५ मिलिमीटरचा पाइप कुठेही झोल न देता चढवत नेला. समुद्राचं पाणी अडवायला त्याच्या टोकाला डोरेड पद्धतीचा डबा, हवा जाऊ देणारा आणि आत आलेलं पाणी बाहेर काढून टाकणारा. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा डिस्कनेक्ट स्विच, दोन्ही पेटीबाहेर. फ्यूजने ती रात्र टळली नसती, हे मालकाला स्पष्ट सांगितलं: पंधरा-वीस अँपिअरला एवढ्या संचाचा फ्यूज ढिम्म हलत नाही. उपयोग स्विचचा आहे, चार्जर तोडल्यावर दोघींना वेगळं करायला. तापमानाचा सेन्सर दोन्ही बॅटऱ्यांना दिला, चार्जर त्यातला जास्तीचा आकडा धरतो. १४.४ वर राहायची कमाल मुदत घातली. आणि पेटीच्या छताला हायड्रोजनचा स्वतंत्र डिटेक्टर, १ टक्क्याला चार्जरची वीज रिलेने तोडणारा. पंखा बसवायचा मोह टाळला. बसवायचाच तर तो ठिणगीरोधक हवा, आणि खालून ताजी हवा आत ढकलणारा. पेटीतला वायू मोटरमधून ओढून बाहेर टाकणारा नको.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे तिथेच आहे. मागे छापलेली मुदत अजून संपलेली नाही. त्याच्याशेजारी मालकाच्या बायकोने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: चार ठोके म्हणजे सगळे वर, मग धक्क्याची वायर.

नवा संच पहिल्यांदा १४.४ ला पोचला तेव्हा मीटर पेटीच्या छताशी धरून ठेवला. आकडा ०.१ टक्क्याच्या पुढे गेला नाही. मागच्या केबिनमध्ये थोडा वास मात्र अजून येतो. संडासाच्या टाकीचा पाइप खरोखरच जुना होऊन झिरपतो आहे, आणि तो बदलायचं काम नौका पाण्याबाहेर काढल्यावरचं. तोपर्यंत या नौकेवर नाकाच्या साक्षीला किंमत नाही. म्हणून पाइप बदलेपर्यंत मागच्या केबिनमध्ये कुणी झोपणार असेल तर चार्जर रात्री बंद ठेवायचा, असं ठरलं आहे.